मंगळवारची हजेरी

शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर उतरलो की मी अजूनही उलट्या बाजूच्या फाटकाने बाहेर पडतो. समोरच्या फाटकाने गेलं तर दोन मिनिटांत माजी सैनिकांचा जुना दवाखाना लागतो. म्हणजे दवाखाना जिथे होता ती इमारत. आता तिथे खतांचं गोदाम आहे म्हणतात. आवारातला निंब अजून आहे, पण त्याच्याभोवतीच्या विटांचा चुना उडाला, असंही कोणीतरी सांगितलं. मी जाऊन पाहिलेलं नाही. लांबचा फेरा घालतो आणि आपल्याला घाई आहे असं स्वतःलाच सांगतो.

त्या विटा हवालदारकाकांनी रंगवल्या होत्या. एक गेरूची, एक चुन्याची. जागच्या जागी उभी राहील ती प्रत्येक वस्तू त्यांनी रंगवून काढली होती: निंबाचं खोड, पाण्याच्या टाकीचे पाय, फाटकाजवळचा मैलाचा दगड. एकदा चहावाल्याची शेळी आवारात बराच वेळ न हलता उभी राहिली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिला हाकललं, काकांचा काही नेम नव्हता.

बावीस वर्षं ते फौजेच्या दवाखान्यांतून नर्सिंग असिस्टंट होते. निवृत्त होऊन आपल्या गावी, ब्राह्मणपुरीला आले ते आठ दिवस शेतात रमले, नवव्या दिवशी शहाद्याच्या दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत येऊन उभे राहिले. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुठल्याही माणसाला लोक ‘मेजर’ म्हणतात. काकांना ते चालत नसे. "मेजर मोठा साहेब रहास. मी हवालदार शे," असं ते प्रत्येकाला थांबवून सांगत. मी तिथे कारकून होतो. मला ते ‘बाबू’ म्हणत. बाकी सगळ्या जगाला ‘जवान’. सात महिन्यांची पोटुशी बाई समोर आली तरी "जवान, कितवा महिना?" असंच विचारत, आणि बाई लाजायच्या ऐवजी ताठ उभी राहून उत्तर देई.

रोगांचे त्यांनी तीन प्रकार केले होते. असली, नकली आणि घरचा. असली रोग डॉक्टरांकडे पाठवायचे. नकलीला कोमट पाणी आणि दहा मिनिटं निंबाखाली बसणं. घरचा रोग म्हणजे सून, भाऊबंदकी, वाटणी यांतून आलेली डोकेदुखी. त्यावर ते स्वतः शेजारी बसून ऐकून घेत. त्यांचं निदान फारसं चुकत नसे. आमचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत, आणि काकांनी चिठ्ठीवर ‘घरचा’ असं लिहिलेलं असलं की नुसती नाडी पाहून परत पाठवत.

पहिली गोळी मात्र त्यांच्या समोर गिळावी लागे. फौजेत म्हणे हिवतापाच्या गोळ्या अशाच देतात, रांगेत, नाहीतर जवान बुटात लपवतात. काका खिडकीतून अर्धे बाहेर वाकत. "जीभ दखाड. वर कर. अगला!" शाळेचे मुख्याध्यापक, सत्तरीचे सुभेदार, डोंगरातून उतरलेल्या बाया, सगळ्यांनी त्या खिडकीसमोर जीभ काढलेली मी पाहिली आहे. मीही काढली आहे.

आता मुख्य गोष्ट. दवाखाना माजी सैनिकांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. बाहेरच्या माणसाला औषध द्यायचं नाही, असा नियम भिंतीवर लावलेला होता. पण मंगळवार बाजाराचा दिवस. सातपुड्यातून पहिल्या गाडीने माणसं उतरत, आणि बाजाराआधी आमच्या फाटकाशी येऊन बसत. काकांनी नियम मोडला नाही. त्यांनी त्यातून वाट काढली, तिला आम्ही ‘नंबर देणं’ म्हणायचो. ज्या फौजीचा हक्क आहे त्याने यायचं, हजेरीला उभं राहायचं, आणि आपला नंबर एखाद्या बाहेरच्या माणसाला द्यायचा. रजिस्टरवर फौजीचं नाव, औषध त्या माणसाला. "फौजीनी आपलं औषध लिधं. मंग तो कोनले देस, ते त्यानं तो जाने," हा त्यांचा कायदा. त्याला एकच अट होती. फौजी स्वतः हजर पाहिजे. नाव पुकारल्यावर ‘हाजिर’ म्हणायला पाहिजे, आणि त्या माणसाने गोळी गिळेपर्यंत शेजारी उभं राहायला पाहिजे. आजारी आहे, उद्या येईल, फोनवर बोला, असलं काही चालत नसे.

म्हणून दर मंगळवारी वीस-पंचवीस म्हातारे फौजी, काहीही होत नसताना, टोप्या घालून दवाखान्यात येत. मोटारसायकलवर, एस.टी.ने, नातवाच्या मागे बसून. सकाळी आठला काका रजिस्टर घेऊन निंबाखाली उभे राहत आणि हजेरी घेत. आडनाव आधी, मग नाव. "हाजिर!" "हाजिर!" स्टँडवरचे लोक थांबून बघत. आणि आमचं रजिस्टर जर कोणी नीट वाचलं असतं, तर आमचे माजी सैनिक गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या खात होते असंच त्याला वाटलं असतं. डॉक्टर बिचारे सगळ्यांपुढे ‘अशक्तपणा’ लिहीत.

एकदा साखर कारखान्याचे एक संचालक गाडीतून उतरले. बारा वाजले होते, डॉक्टर निघायच्या बेतात, आणि साहेबांच्या पोटात कळ. थेट खिडकीशी आले. काकांनी विचारलं, "जवान, तुम्हना घरमा कोनी फौजमा शे का?" नव्हतं. "मंग निंबखाले जा. कोन नंबर देस ते देखा." संचालक लाल झाले. पण कळ भारी होती. निंबाखाली तेव्हा एकच फौजी उरला होता, आणि तो त्यांच्याच कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन. रोज गाडी आत सोडताना सलाम ठोकणारा. संचालक त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि गॉगल काढून खिशात घातला. शेवटी म्हणाले, "दादा, जरा..."

वॉचमन म्हणाला, "मी देस ना साहेब. पन गोळी मन्हा सामने गिळनी पडी."

संचालकांनी जीभ दाखवली. काकांनी ती संचालकांची आहे म्हणून जास्त वेळ पाहिली नाही आणि कमीही नाही. नंतर सहा महिने त्या वॉचमनला कारखान्यात कोणी नावाने हाक मारली नाही, दादाच म्हणत.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तेही फौजी. मला ही कारकुनी त्यांच्यामुळेच मिळाली होती. रनाळ्याहून ते दर मंगळवारी गाडीने यायचे. त्यांचा नंबर ठरलेला होता. तोरणमाळच्या बाजूची एक पंचविशीची बाई होती, तिला फिट यायची. एकदा चुलीत पडली होती, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, बोटं एकमेकांना चिकटलेली. आमच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पडणं थांबलं. गोळ्या मात्र रोजच्या रोज पाहिजेत, चार दिवस चुकले की पुन्हा चूल आणि पुन्हा पडणं. ती फार बोलत नसे. आबा हजेरी झाली की म्हणायचे, "मन्हा नंबर हाई पोरले. माले काय व्हयेल शे?" आणि तिच्या शेजारी उभे राहायचे. ती जीभ दाखवायची, आबा मान डोलवायचे, आणि दोघं आपापल्या गाडीला जायची. वर्षानुवर्षं दोघांत एवढाच व्यवहार झाला असेल, पण एकदा तिने आबांसाठी मोहाची फुलं बांधून आणली होती. आबांनी ती घरी नेऊन आईपासून लपवून ठेवली.

आबा वारले. काकांनी खांदा दिला. तेराव्याला ते रनाळ्याला आले होते, जेवले नाहीत, दारात सावधान उभे राहून परत गेले.

त्याच सुमारास वरून पत्र आलं. शहाद्याला रुग्ण कमी, सबब हा दवाखाना बंद करून धुळ्याच्या दवाखान्यात सामील करण्याचा प्रस्ताव आहे, तपासणीसाठी अधिकारी येतील. फौजीही एकेक कमी होत चाललेले. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला बसवून एक गोष्ट सांगितली. सरहद्दीवरच्या डोंगरात त्यांचा एक फौजी दवाखाना होता. आसपास दुसरा दवाखाना नाही, म्हणून गावंच्या गावं तिथे यायची. एक दिवस तो बंद करायचा हुकूम आला. खाटा, कपाटं ट्रकमध्ये भरली, कुलूप काकांनी लावलं. फाटकाबाहेर माणसं बसली होती. "त्यासले कोनी सांगंच नही, बाबू. ट्रक निंघना तरी बठेलच व्हतात," एवढं बोलून ते उठले आणि थर्मामीटर झटकत बसले.

पुढच्या मंगळवारी ती बाई आली. आबांची नेहमीची जागा रिकामी होती. मी काय करायला हवं होतं? उठून निंबाखाली जायचं आणि कोणाही म्हाताऱ्याला म्हणायचं, बाबा, तुमचा नंबर हिला द्या. पाच पावलं. कोणी नाही म्हटलं नसतं. पण मी टेबलावरून उठलो नाही. रजिस्टर समोर होतं, पेन हातात होतं. मी आबांचं नाव लिहिलं.

का लिहिलं, हे मी फार वेळा उगाळलं आहे. तिच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून, हे खरं. आकडा वाढला तर दवाखाना वाचेल आणि माझी नोकरीही, हेही खरं. आणि तिसरं असं, की नाव लिहिलं की आबा त्या मंगळवारी रनाळ्याहून गाडीने आल्यासारखं वाटायचं. यातलं कुठलं किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

काकांनी खिडकीतून विचारलं, "बाबू, हिले नंबर कोना?"

"दिधा एकनी. आत्तेच गया तो, त्यानी गाडी व्हती."

"बरं. पुढला खेपले त्याले थांबाडजो."

त्यांनी वळून पाहिलंही नाही. आबांचा मुलगा खोटं बोलेल असं त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्यानंतर मला ते सोपं झालं, दर मंगळवारी नवी सबब तयार असे आणि काका ती मानून घेत. हजेरी काका घेत, पण दिवसाचं रजिस्टर पक्कं मी करत असे, त्यात एक ओळ वाढवायला कितीसा वेळ लागतो. आबा पाच महिने नेमाने दवाखान्यात येत राहिले.

तपासणीचा अधिकारी मंगळवारीच आला. तरुण होता, बोलायला सभ्य. काकांनी टाकीचे पाय पुन्हा रंगवले होते. आसपासचे जेवढे फौजी चालू शकत होते तेवढे सगळे पदकं लावून आले होते, दवाखाना वाचवायला. डोंगरातली माणसं फाटकाशी रांगेत. ती बाईही होती. अधिकारी हे सगळं बघून खूश झालेला दिसला. काकांना म्हणाला, मागच्या मंगळवारचं रजिस्टर घ्या आणि त्यातली हजेरी माझ्यासमोर पुकारा, बघू किती जण खरोखर आहेत.

मी रजिस्टर काकांच्या हातात दिलं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं.

काका निंबाखाली गेले, चष्मा लावला आणि पुकारू लागले. हाजिर, हाजिर, हाजिर. म्हातारे घसा फोडून ओरडत होते. अधिकारी बोटांवर मोजत होता. नवव्या-दहाव्या नावाला काकांनी आडनाव पुकारलं आणि नाव तोंडातच राहिलं. मग त्यांनी ते पूर्ण वाचलं. रजिस्टरवर आहे ते वाचायचं, असा हुकूम होता ना. आबांचं नाव त्यांनी खणखणीत पुकारलं, आणि निंबाखालून ‘हाजिर’ आलं नाही.

एक नाईक शेवटी म्हणाला, "तो त गया ना साहेब. पाच महिना हुई ग्यात. आम्हीनच खांदा दिधा."

"ये किसने लिखा है?" अधिकाऱ्याने विचारलं.

काकांनी रजिस्टरकडे पाहिलं. माझं अक्षर ते सहा वर्षं ओळखत होते. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते वाट बघत होते. मी ताठ उभं राहून एक शब्द बोलावा, एवढीच वाट. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. अंगठा तुटायला आला होता, आज शिवून घ्यायला हवा, असा विचार माझ्या मनात आला. खरंच आला.

"मेरे हुक्म से लिखा है, साब," काका म्हणाले.

आयुष्यात त्यांनी लावलेली ती एकमेव खोटी हजेरी. अधिकाऱ्याने वही मिटली. तो ओरडला नाही, उलट त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं.

संध्याकाळी मी कुलूप लावत होतो तेव्हा काका पाठीमागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "तुन्हा अक्षरमा आबानं नाव चांगलं दिसस, बाबू. पन तो हजर नव्हता." आणि ब्राह्मणपुरीच्या गाडीला गेले. मी तेव्हाही त्यांच्या मागे धावलो नाही.

दवाखाना बंद झाला. तो होणारच होता, प्रस्ताव आधीच तयार होता, असं सगळे म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. पण बंदीच्या पत्रात एक ओळ खोट्या नोंदींबद्दल होती, ती मी स्वतः वाचली आहे. मला धुळ्याच्या दवाखान्यात घेतलं. काकांना कोणी निरोपाचा नारळसुद्धा दिला नाही. पूर्वी प्रजासत्ताक दिनाला गावच्या शाळेची कवायत ते घ्यायचे, त्यांना बोलावणं बंद झालं. निंबाखाली ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या आवाजाला ‘हाजिर’ म्हटलं, ते म्हातारेही त्यांना टाळू लागले. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मी एकदा माझ्या कानांनी ऐकलं: "त्या हवालदारनी मेलेला मानूसना नाववर गोळ्या काढ्यात. इकत व्हयी भाईर." बोलणाऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही तिथेच होता ना? मी म्हणालो, मला काही माहीत नाही. आणि उरलेला चहा प्यायलो.

दोन वर्षं गेली. धुळ्याला फौजींची दवाखान्याची कार्डं नव्याने करायची होती, काकांचा फॉर्म आला नव्हता. मी म्हणालो, मी नेऊन देतो, माझ्या वाटेवर आहे. वाटेवर नव्हतं. मनात ठरवलं होतं की या वेळी बोलायचं, आणि जमलं तर शहाद्यात म्हाताऱ्यांना गोळा करून सगळ्यांसमोर बोलायचं. गाडीत वाक्यंही जुळवली होती.

ब्राह्मणपुरीला पोचलो तेव्हा आठ वाजत होते. वार मंगळवार. काकांच्या ओट्याखाली एक गेरूची, एक चुन्याची अशा विटा. अंगणात डोंगरातली सात-आठ माणसं रांगेत उभी, आणि त्यांत ती बाई. काका वाळले होते, दाढी मात्र घोटलेली. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "बठ. पह्यले हजेरी," म्हणाले.

नंतर कळलं ते असं: ही माणसं भल्या पहाटे उतरून थेट इथे येतात. काका त्यांची हजेरी घेतात आणि साडेआठच्या गाडीने शहाद्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जातात. तिथे रांगेत प्रत्येकाच्या शेजारी उभे राहतात. गोळ्या संपल्या म्हणून कोणी परत पाठवायला लागलं की हलत नाहीत. आणि मिळाली की तिथेच, सगळ्यांदेखत, जीभ दखाड.

त्यांच्या हातात शाळेची वही होती. एकेक नाव पुकारलं. "हाजिर." त्या बाईचं नाव आलं, तिने भाजलेला हात मांडीला चिकटवला आणि मोठ्याने "हाजिर!" म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. तिच्या अंगावर नवीन भाजल्याची खूण नव्हती, हे मी चोरून पाहून घेतलं.

मग वहीतून डोकं वर न काढता काकांनी आणखी एक नाव पुकारलं. आडनाव आधी, मग नाव. माझं.

मी उठून उभा राहिलो. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. एकच शब्द होता. तो बोललो असतो तर पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं, जुळवून आणलेल्या वाक्यांचीही गरज पडली नसती. काका थांबले. निंबाखाली थांबले होते तेवढेच थांबले.

"काका," मी म्हणालो, "फॉर्मवर सही पाहिजे व्हती."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "आन इकडे," आणि माझ्याच पेनाने फॉर्मवर सही केली, तारीख घातली. रस्त्यावर हॉर्न वाजला. "गाडी उनी. चला, जवान!" माणसं निघाली. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

वही ओट्यावरच राहिली होती. मी उघडली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: गैरहजर. मी मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. सगळे मंगळवार होते. प्रत्येक मंगळवारी शेवटचं नाव माझं, आणि पुढे तोच शब्द, दवाखाना बंद झाल्याच्या पहिल्या आठवड्यापासून. दोन वर्षं हा माणूस दर मंगळवारी अंगणात माझं नाव पुकारत होता आणि थांबत होता.

मी वही होती तशी ठेवली. गाडी गेली होती, अंगणात आता कोणीही नव्हतं, ऐकायला कोणी नव्हतं. तरीही तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.